मदत हवी आहे: साताऱ्यात सायकलने कामाला जाणे, संध्याकाळचा चढ आणि गुडघ्याचे दुखणे

नमस्कार मंडळी,

मी ४६ वर्षांची असून साताऱ्यात मंगळवार पेठेत राहते आणि एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. जानेवारीतील तपासणीत माझे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.२ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे निघाले, तेव्हा स्कूटर घरी ठेवून फेब्रुवारीपासून मी मुलीच्या जुन्या, बिनगिअरच्या सायकलवरून कामाला जाऊ लागले. जायचे सहा किलोमीटर आणि यायचे सहा, आठवड्यातून पाच दिवस.

साताऱ्याची ठेवण ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की, सकाळी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पायडल फारसे मारावेच लागत नाही आणि दिवसाची सगळी मेहनत संध्याकाळी, आठ-नऊ तास खुर्चीत बसून झाल्यावर, त्याच वाटेच्या चढावर येते. म्हणून सकाळची वीस मिनिटे मी व्यायामात धरतच नाही. परतीच्या पस्तीस मिनिटांपैकी पोवई नाक्यापर्यंतच्या वीस मिनिटांत मला बोलता येते, पण गाणे म्हणता येणार नाही; पुढच्या पंधरा मिनिटांत मात्र दम लागून दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणे होत नाही. यांतला पहिला व्यायाम मध्यम आणि दुसरा जोरकस मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. माझी १०० मध्यम आणि ७५ जोरकस मिनिटे त्यात बसतात असे मला वाटते. हिशेब चुकला असल्यास कृपया दाखवावा.

मेअखेरीस एचबीएवनसी ५.९ वर आले आणि सकाळची नाडी ८४ वरून ७४ झाली. वजन अवघे दीड किलो उतरले, पण काम करणारा स्नायू इन्सुलिनवर फारसा अवलंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतो, हे वाचल्यापासून मी वजनाच्या काट्याकडे पाहणे सोडून दिले आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अडीच लाखांहून अधिक ब्रिटिश प्रौढांची माहिती तपासली, तेव्हा सायकलने कामाला जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला होता. तो निरीक्षणावर आधारलेला अभ्यास असल्याने सगळे श्रेय सायकलला देता येत नाही, हे मी जाणते. तरीही ही सवय मला सोडायची नाही.

अडचण उजव्या गुडघ्याची आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून वाटीच्या पुढच्या बाजूला, विशेषतः चढाच्या शेवटी आणि रात्री जिना उतरताना दुखते. सूज नाही. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी सीटची उंची किंवा रस्ता यांबद्दल काहीही न विचारता सायकल बंद करायला सांगितले, याचे मला वाईट वाटले. रहदारीत दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून मी सीट खाली ठेवली होती आणि सीट फार खाली असली की गुडघा जास्त दुमडून वाटीवर दाब वाढतो, असे आता कळते. चार दिवसांपूर्वी ती एक इंच वर घेतली. दुखणे थोडे कमी वाटते, पण चार दिवसांवरून काय ठरवणार?

सायकलवाल्याने मागचे १८ दातांचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचे, साखळी फिरते ते दातेरी चक्र) काढून २२ दातांचे बसवण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे चढावर पायाला साधारण पाचव्या हिश्शाने कमी जोर लागेल. आपल्यापैकी कोणी राजवाड्याचा किंवा यवतेश्वरचा चढ असा केला असल्यास, एवढ्याने गुडघ्याला खरोखर आराम पडतो की गिअरची सायकलच घ्यावी, हे सांगावे. सध्या चढाचा शेवटचा टप्पा उतरून चालत गेले, तर साखरेच्या बाबतीत मिळालेला फायदा टिकेल का, हेही मला समजून घ्यायचे आहे.

आणखी एक शंका विशेषतः भगिनींसाठी आहे. माझी पाळी आता अनियमित झाली आहे, या वयात हाडे झिजू लागतात आणि सायकलवर शरीराचा भार सीटवर राहत असल्याने हाडांना त्यातून फारसे बळ मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत असेही त्याच सूचनांत आहे. दुखऱ्या गुडघ्याला न दुखावता ते घरी कसे सुरू करावेत?

पाऊस धरला की उतारावर ओल्या रिममुळे ब्रेक उशिरा लागतात, म्हणून फ्रीव्हील आणि ब्रेकचे काम मला एकदमच, येत्या रविवारी करून घ्यायचे आहे. त्याआधी कोणी अनुभव कळवल्यास फार उपकार होतील.