शेळ्या दिसताच पट्टा ओढणाऱ्या कारवानी कुत्र्यासाठी मदत हवी आहे

लातूरजवळच्या आमच्या गावी दीड वर्षाचा, २४ किलो वजनाचा कारवानी नर कुत्रा आहे. अंगणात तो पट्ट्याला ताण न देता शेजारून चालतो. मात्र शेतरस्त्यावर दूरवर शेळी दिसली, की सर्व शक्तीनिशी ओढतो. ही जातच नजरेने शिकार हेरणारी, त्यामुळे दोष त्याचा नाही. ओढ बसताच जागीच थांबायचे आणि पट्टा सैल होताच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, हे मी दोन महिने नेमाने केले. परंतु शेळीसमोर तो अंड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. छातीवर कडी असलेल्या हार्नेसमधून (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या साजातून) तो मागे सरकून निसटला. काटेरी पट्टा मला वापरायचा नाही. शेळ्यांपासून किती अंतरावर सराव सुरू करावा, आणि मानेपेक्षा डोके अरुंद असलेल्या अशा कुत्र्याला कोणता पट्टा घालावा?