एच-वन-बी वाल्यांनी सोशल सिक्युरिटी का भरावी?

कोथरूडकर:
एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्याने आयकर भरावा, याला माझी ना नाही. इथे राहतो, कमावतो, भरतोच. आक्षेप पगाराच्या स्लिपवरच्या पुढच्या ओळींना आहे. वर्षाला १,१०,००० डॉलर पगार धरा. दर दोन आठवड्यांना सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन योजना) २६२ डॉलर जातात, मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) ६१ वेगळे. कंपनीही तेवढेच भरते. पेन्शनच्या हक्काला ४० क्रेडिट (कमाईवर मिळणारे गुण) लागतात आणि वर्षाला मिळतात जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षं. व्हिसा सहा वर्षांचा! ग्रीन कार्डची फाइल हललीच नाही तर माणूस बॅगा भरून पुण्याला आणि पैसे इथेच. तात्पुरता पाहुणा म्हणून बोलावता, मग म्हातारपणाची वर्गणी कसली घेता?

जर्सीतला जोशी:
असहमत. हा पीएफ नव्हे, तुमच्या नावावर पैसे साठत नसतात. आजच्या कमावत्यांकडून घेऊन आजच्या म्हाताऱ्यांना दिले जातात. ऑफर लेटरवर सही करताना डोळे उघडे होते ना? आणि कमावता माणूस मध्येच गेला तर मुलांना पैसे मिळायला ४० क्रेडिट लागत नाहीत. शेवटच्या तीन वर्षांत सहा असली तरी पुरतात.

मीनल_ह्यूस्टन:
जोशीबुवा, अर्धंच सांगितलंत. नवरा गेला की एच-फोर वरच्या, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या बायकोचं इथे राहण्याचं स्टेटसच संपतं. ती भारतात परतली की नियम येतो: नागरिक नसलेल्या वारसाने आधी पाच वर्षं अमेरिकेत काढलेली असली पाहिजेत. म्हणजे वर्गणी पहिल्या पगारापासून आणि लाभाला अटी.

जर्सीतला जोशी:
इथे जन्मलेली मुलं नागरिक असतात, त्यांना ती अट नाही. बाकी मुद्दा मान्य.

फ्रँकफर्टचा सदा:
मी डेप्युटेशनवर जर्मनीत आलो तेव्हा कंपनीने ईपीएफओकडून (भारतातलं पीएफचं सरकारी कार्यालय) कव्हरेज सर्टिफिकेट आणलं, म्हणजे भारतात पीएफ भरतो याचा दाखला. इथली पेन्शनची कपात नाही, तिकडचा पीएफ चालू. अशी दुहेरी कपात टाळणारा भारताचा पहिला करार २००९ साली बेल्जियमशी लागू झाला, मग जर्मनी, जपान, कॅनडा, दक्षिण कोरिया. अमेरिकेशीच अडलंय. त्यांचा कायदा म्हणतो, समोरच्या देशाची योजना सर्वसाधारण जनतेला लागू हवी, आणि आपला पीएफ संघटित क्षेत्रापुरता. राग येतो, पण आपल्याकडे शेतमजुराला कुठे पीएफ आहे?

कोथरूडकर:
म्हणजे शेतमजुराला पेन्शन नाही म्हणून माझे पैसे जाणार?

वाकडचा विन्या:
थांबा, आपलं सरकारही काही कमी नाही. २००८ पासून भारतात नोकरीला आलेल्या परदेशी माणसाचा पीएफ पूर्ण पगारावर कापतात. आपल्याला सक्ती फक्त १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर. करार नसलेल्या देशाचा असेल तर साधारण ५८ वय होईपर्यंत पैसे अडकले. अमेरिकन माणूस पुण्यात दोन वर्षं काम करून गेला तरी तेच. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही तरतूद रद्द केली, दिल्लीने २०२५ मध्ये वैध धरली. आपण करतो तो नियम, ते करतात तो अन्याय?

कोथरूडकर:
त्या अमेरिकन माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी का होईना, व्याजासकट मिळतात. मला कधीच नाही. तुलनाच चुकीची.

फ्रँकफर्टचा सदा:
एक खुलासा, कारण सगळे कराराची आस लावून बसतात. करार झाला तर कपात थांबेल ती भारतीय कंपनीने डेप्युटेशनवर पाठवलेल्यांची, म्हणजे बहुतेक एल-वन (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वाल्यांची. अमेरिकन कंपनीने थेट घेतलेल्याची कपात चालूच राहणार. फक्त दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजून इथल्या सहा वर्षांपुरती छोटी पेन्शन मिळेल.

मीनल_ह्यूस्टन:
तेवढी मिळाली तरी चालेल.
(अवांतर: नवीन आलेल्या मुलांनो, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाशी निगडित तात्पुरती नोकरी) करताय आणि अमेरिकेत पाच कॅलेंडर वर्षं व्हायची आहेत, तर ही कपात तुम्हाला लागूच नाही. स्लिप बघा. कापले असतील तर आधी कंपनीकडे मागा, नाही दिले तर आयआरएसकडे (अमेरिकेचं कर खातं) परताव्यासाठी फॉर्म ८४३.)

जर्सीतला जोशी:
आणि ज्यांची ४० क्रेडिट झाली त्यांना परतल्यावर पेन्शन भारतातही मिळते, हे कुणी लिहीतच नाही. नागरिकत्व घेतलं नसेल तर २५.५ टक्के कर कापून, एवढंच.

कोथरूडकर:
"एवढंच" म्हणे!