विष खाल्लेल्या मोरांवर उपचार, की आधी शेतकऱ्याला भरपाई?

रानवाटा:
पेरणीच्या दिवसांत कीटकनाशक चोळलेलं बियाणं टिपून मोर मरतात. माझी मागणी एकच. प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात अशा विषबाधेवरचं औषध, अॅट्रोपिन, हवं आणि ते टोचणारा पशुवैद्यक फोन केल्याबरोबर निघायला हवा. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचं औषध ठेवतोच ना आपण?

कोरडवाहू:
पटत नाही. भुईमूग, मका पेरला की मोर आणि रानडुकरं तासावरून दाणे उकरत जातात. दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या माथी? जानेवारी 2021 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले. वाघिणीने मारलेल्या वासरात विष घातल्याच्या आरोपावरून शेतकऱ्याला अटक झाली. त्याची बाजू मी घेत नाही, पण तिथे इंजेक्शनचा काय उपयोग होता? पंचनामा लवकर आणि भरपाई वेळेवर, पैसा तिथे घाला.

पशुवैद्य:
नुसती कुपी ठेवून भागत नाही. कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असो की कार्बामेट गटातलं, लाळ गळते, जुलाब होतात, अंग थरथरतं. अॅट्रोपिनने लाळ आणि श्वासनलिकेतला स्राव आटतो, स्नायूंचा लुळेपणा जात नाही. त्यासाठी प्रालिडॉक्सिम लागतं, तेही ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत आणि जितक्या लवकर तितकं बरं. मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. पक्ष्यांच्या बुबुळाचे स्नायू आपल्यापेक्षा वेगळे, म्हणून डोळ्याची बाहुली बघून मात्रा ठरवू नये. लाळ आणि हृदयाचे ठोके बघावेत. उंदरांसाठीचं झिंक फॉस्फाइड पोटात गेलं असेल तर त्यावर उताराच नाही. शिवाय रानातलं जनावर पकडताना धसक्यानेही दगावतं. फोरेट या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, घरात जुना साठा असेल तर तो बियाण्याला मुळीच लावू नका.

रानवाटा:
वाघाच्या बाबतीत कोरडवाहूंचं खरं आहे, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मोर मात्र गावाजवळ, लोकांच्या डोळ्यांदेखत तडफडतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी म्हणून कोणी हात लावायला धजत नाही. निदान वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन तरी करा.

कोरडवाहू:
फोन केला की ‘शेत कुणाचं?’ असं विचारतील, ही धास्ती गावात आहे. मुद्दाम विष पेरणारा वेगळा आणि किडीसाठी बीजप्रक्रिया करणारा वेगळा. हा फरक आधी लेखी मान्य करा. नाहीतर तुमच्या कुप्या कपाटातच राहतील.