विषय: भाचीचं जर्मन रडतखडत चाललंय, काहीतरी सुचवा की

प्रेषक: अनगोळची मावशी, बेळगाव

नमस्कार मंडळी, लेकीकडे जर्मनीत आले होते तेव्हा गणपतीला मोदक वळायला होते ती मीच, नाव अजून या मेल-लिस्टवर आहे म्हणून लिहितेय. भाची नर्स आहे, जर्मनीला जायचं ठरवलंय. तिकडं पक्की नर्स म्हणून लागायला बहुतेक ठिकाणी जर्मनची बी-टू पातळी मागतात म्हणे, आणि ही त्याच्या खालच्या बी-वनलाच अडकलीय. सकाळी क्लास, दुपारी ड्युटी, रात्री परत वही घेऊन देअर-दी-दास (म्हणजे शब्दांची लिंगं) घोकत बसायचं, आता तर पुस्तक बघितलं तरी तोंड वाकडं करते. "मला भाषाच जमत नाहीत" म्हणते. अहो अनगोळात वाढलेली पोर, घरात मराठी, दवाखान्यात कन्नड, मैत्रिणींशी हिंदी, हिला भाषा जमत नाहीत म्हणजे काय! बोलायला इथं कोणी नाही तेही खरंच. हसत-खेळत करता येईल असं काही असेल तर सांगा की.

प्रेषक: खानापूरकर, स्टुटगार्ट

मावशी नमस्कार, मोदक लक्षात आहेत, विसरायचा प्रश्नच नाही.

भाचीला एवढंच विचारा की बाई, तू कन्नड कुठल्या क्लासला शिकलीस? आपण सगळे रविवार पेठेत आईचा हात धरून शिकलो, "एष्टु री?" विचारायचं आणि "कडिमे माड्री" म्हणून घासाघीस करायची, तेव्हा क्रियापदाचा तक्ता कुणी दिला नव्हता. गरज होती, समोर माणूस होता आणि चुकलं तर तो हसायचा, बास. जर्मनचंही तसंच चालू करा, तक्ता नंतर बघू.

पहिलं म्हणजे तिला सांगा जर्मन इंग्लिशमधून शिकू नकोस, मराठीतून शीक, अर्धी कटकट तिथंच जाते. आकडेच घ्या. पंचवीसला जर्मन लोक आधी पाच म्हणतात मग वीस, फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश, अगदी आपल्यासारखं एकक आधी. इंग्लिशमध्ये वीस आधी, कन्नडमध्येही इप्पत्तैदु, वीस आधी. म्हणून इंग्लिशमधून गेलं की डोक्यात उलटापालट होते आणि मराठीतून गेलं की सरळ. मग घरी हाउजी खेळा, आकडे भाचीने जर्मनमध्ये पुकारायचे, शेजारपाजारच्यांना एक ते नव्वद कागदावर लिहून द्या, पैसे लावले तर अजून लवकर पाठ होतील (माझ्या नावावर घालू नका). बसस्टॉपवर उभी असेल तर आपल्या बेळगावच्या केए-२२ गाड्यांचे नंबर जर्मनमध्ये वाचायचे, निपाणी-चिकोडीकडची केए-२३ दिसली की एक पॉइंट जास्त.

दुसरं, "कारण मी दमलेली आहे" हे जर्मनमध्ये "वाइल इश म्यूडे बिन". "बिन" म्हणजे आपलं "आहे", ते शेवटी. क्लासमध्ये याला मोठा नियम म्हणून शिकवतात आणि पोरं घाबरतात, पण मराठीत आणि कन्नडमध्ये आपण क्रियापद जन्मापासून शेवटीच ठेवतोय! हे "वाइल" लावलेल्या वाक्यात, साध्या वाक्यात नाही, तेवढं लक्षात ठेवायला सांगा.

आणि देअर-दी-दास. आपल्याकडे तो-ती-ते आहेच, आणि दगड "तो", भिंत "ती", दार "ते" का, हे आपण कुणाला कधी विचारलं? स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लावा, निळी देअर, लाल दी, हिरवी दास. तांदूळ देअर, मीठ दास, दोन्ही मराठीशी जुळतात, दूध मात्र तिथं दी आहे, तिथं फसगत होणार. चमचा, काटा, सुरी हे एकाच ताटाशेजारी ठेवलेले तिघं, देअर, दी आणि दास, तीन लिंगं! ह्यात तर्क शोधायचा नाही, हसायचं आणि पुढे जायचं.

चुकण्याची भीती वाटत असेल तर आपल्या गल्लीतले कन्नड दुकानदार आठवा. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात, त्यामुळे ते मराठीत "पिशवी फाटला" म्हणतात, आणि पिशवी बदलून मिळतेच ना? इथले पेशंटही तिचं चुकलेलं देअर-दी तसंच समजून घेतील, मी इतकी वर्षं तेच बघतोय.

प्रेषक: निपाणीकर, म्युनिक

खानापूरकर, सगळं मान्य पण हाउजी खेळून बी-वन पास होत नाही राव. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेला चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. तुमच्या खेळांनी ऐकणं-बोलणं होईल, लिहिणं कोण करणार? तिथं बसून मेल लिहा, तपासून घ्या, परत लिहा, त्याला शॉर्टकट नाही आणि ते मजेशीरही नाही, उगाच पोरीला फसवू नका. चांगली गोष्ट एवढीच की चार भाग वेगवेगळे देता येतात, एक राहिला तर तेवढाच परत.

शब्दांसाठी मात्र एक खेळ मीही सांगतो. १९७० च्या दशकात सेबास्टियान लाइटनर नावाच्या पत्रकाराने चिठ्ठ्यांची पेटी सांगितली, पाच कप्पे. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे उशिरा-उशिरा. कुंद्याच्या मिठाईचा रिकामा बॉक्स घ्या, पुठ्ठ्याचे कप्पे करा, बेळगावात त्याला काय तोटा. आणि रात्री वहीऐवजी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या लावा, फुकट आहेत, सोबत मजकूरही असतो.

प्रेषक: टिळकवाडीचे काका

सगळे जर्मन-जर्मन करताय म्हणून एक उलटी गोष्ट. फर्डिनांड किट्टल नावाचा जर्मन मिशनरी १८५३ साली इकडं आला, आपल्या शेजारच्या धारवाडातही राहिला, कन्नड शिकला. त्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश १८९४ मध्ये मंगळुरात छापला, सत्तर हजारांच्या आसपास शब्द! ऑनलाइन क्लास नाही, ॲप नाही, बोटीने यायचं आणि लोकांत राहायचं. शेवटी तो ट्युबिंगनला वारला, खानापूरकर, तुमच्या स्टुटगार्टपासून जवळच. भाचीला एवढं सगळं करायची गरज नाही, पण धारवाडला जाऊन एक जर्मन माणूस कन्नड बोलायचा हे ऐकून जरा मान ताठ होईल तिची. आणि धारवाडचं नाव निघालं म्हणून सीमावादाचा विषय काढू नका, तो दुसऱ्या लिस्टवर.

प्रेषक: अनगोळची मावशी

काका, काढला नाही! निपाणीकरदादा, तुमचं बरोबर, लिहायला बसवलंय तिला, तोंड वाकडं करतच लिहिते, पण लिहिते. चिठ्ठ्या डब्यांवर लावल्यात, आमच्या घरच्यांनी मिठाची चिठ्ठी काढून साखरेवर लावली, सगळ्यांना वाटलं आता गोंधळ, तर भाची म्हणाली साखर देअर आहे, निळी चिठ्ठी लावा. हाउजीत शेजारची मुलं आली, त्यांना एकोणतीस म्हणता येत नाही मराठीत, जर्मनमध्ये मात्र ओरडून सांगतात, हा एक वेगळाच प्रश्न आहे.

आता दवाखान्यातलं बोलणं हवंय, म्हणजे पेशंटला "कुठं दुखतंय, कधीपासून" वगैरे. खानापूरकर, निपाणीकर, रविवारी व्हिडिओवर एक जण पेशंट आणि एक जण नातेवाईक होऊन बसाल का? नातेवाईक जरा भांडखोर पाहिजे, निपाणीकरांना जमेल. इथं संध्याकाळी साडेसात, म्हणजे तुमच्याकडे सध्या चार, हिवाळा लागला की तीन होतील. मराठीत बोलायचं नाही, मी मागे बसणार आहे, कुणी मराठीत घसरला की माझ्याकडून ओरडा. लिंक नवी पाठवा, जुनी उघडत नाही.