विकर‘विरोधी’ प्रतिपिंड म्हणावे का?

प्रश्न : सोलापुरात प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या वर्गासाठी मी मराठी टिपणे तयार करीत आहे. स्नायूंतील क्रिएटिन कायनेज (सीके) या विकराचा (एन्झाइमचा) शोध घेण्यासाठी वापरतात त्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) ‘विकरविरोधी प्रतिपिंड’ म्हणावे का? हिंदी पुस्तकांतील ‘पेशी’ या शब्दामुळेही मुलांचा गोंधळ उडतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सर, ‘विरोधी’ सरसकट वापरू नये, असे माझे मत आहे. हे विकर फॉस्फोक्रिएटिनमधील फॉस्फेट एडीपी या रेणूला देऊन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार करते, आणि जोराच्या धावेतील पहिल्या काही सेकंदांची स्नायूंची गरज बरीचशी त्यावरच भागते. आता वेस्टर्न ब्लॉट ही नमुन्यातील ठरावीक प्रथिन ओळखण्याची चाचणी पाहा. नमुना एसडीएस या साबणासारख्या रसायनासह उकळला की प्रथिनांची घडी मोडते. मग ती आकारमानानुसार वेगळी करून पटलावर उतरवली जातात, आणि प्रतिपिंड त्यांतील नेमक्या तुकड्याला चिकटल्यामुळे सुमारे 43 किलोडाल्टनपाशी (हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) पट्टा दिसतो. जे विकर आधीच निकामी झालेले आहे, त्याला विरोध कसला करणार? तेथे ‘क्रिएटिन कायनेज ओळखणारे प्रतिपिंड’ एवढे पुरे.

सीके-एमबीच्या (एक एम आणि एक बी उपघटक मिळून बनलेल्या, हृदयाच्या स्नायूत आढळणाऱ्या प्रकाराच्या) एका जुन्या चाचणीत मात्र गोष्ट वेगळी आहे. त्या पद्धतीत सीरममध्ये घातलेले प्रतिपिंड एम उपघटकाचे काम खरोखरच बंद पाडते, आणि मेंदूतील बीबी (दोन्ही उपघटक बी असलेला) प्रकार रक्तात सहसा नसतो असे धरून, उरलेल्या बी उपघटकाच्या क्रियाशीलतेची दुप्पट करून एमबीचा आकडा काढतात. (हृदयविकाराच्या निदानात आता ट्रोपोनिन या प्रथिनाच्या चाचणीने तिची जागा बरीचशी घेतली आहे, तो भाग निराळा.) येथे ‘एम-निरोधक प्रतिपिंड’ लिहावे, ‘विरोधी’पेक्षा ‘निरोधक’ नेमके आहे.

हिंदीतील ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि आपली ‘पेशी’ म्हणजे हिंदीतील ‘कोशिका’. मराठी टिपणांत ‘मांसपेशी’ येऊच देऊ नये, ‘कंकाल स्नायू’ लिहावे. कन्नडमध्येही ‘स्नायू’च म्हणतात, त्यामुळे आपल्याकडील कन्नड घरांतल्या मुलांना तो शब्द परका वाटणार नाही.

आणखी एक उत्तर : ताईंशी सहमत आहे. काही जण प्रतिपिंडाला ‘प्रतिद्रव्य’ म्हणतात, पण भौतिकशास्त्रात त्याच शब्दाने अँटिमॅटर ओळखले जाते, म्हणून मी तो टाळतो. ‘पिंड’ पुल्लिंगी असला तरी ‘प्रतिपिंडे तयार होतात’ असेच रूढ आहे; तेव्हा टिपणांत ‘ते प्रतिपिंड’ असे नपुंसकलिंगच चालवावे.