सकाळच्या थंडीत गाडी वळणावर ढिली वाटते, दुपारी मस्त पळते, काहून?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. माझी आय२० एन लाईन आहे, १९५/५५ आर१६ टायर, गाडीसोबत आले तेच. एरवी एकदम कडक गाडी, स्टेअरिंग हलवलं की नाक तिकडं. पण आठ-दहा दिवस झाले, सकाळी साडेपाचला नागपुरात मिहानला ड्युटीवर निघतो तेव्हा वेगळीच वाटून राहिली, वळणावर आधी अंग टाकते मग वळते, अन् समोरून थोडी बाहेर जाते. टायरचा पिवळा दिवा पण लागतो अन् सात-आठ किलोमीटरनंतर आपोआप विझतो. दुपारी परत येताना काहीच नाही. एका वर्कशॉपमध्ये दाखवलं तर सेन्सर खराब आहे, बदला म्हणाले. हवा दिवाळीच्या आधी भरली होती, दुपारी पंपावर, ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). म्हणजे हवा तर बरोबरच असंल ना?

गेजवाला_भाऊ
भाऊ सेन्सर बदलू नको, थांब जरा. तू ३३ भरली तेव्हा दुपारचं ऊन, गाडी चालवत आणलेली, टायर आतून आरामात ५० डिग्रीला असंल. तीच हवा आता पहाटे १० डिग्रीला मोज, गणितानं २७ च्या आसपास येते. साधारण ५-६ डिग्रीला १ पीएसआय धरून चाल. वरून दीड महिन्यात टायर थोडी हवा असाच सोडतो, म्हणजे तू पहाटे २५-२६ वर निघून राहिला. दिवा खरंच बोलून राहिला, अन् टायर तापला की प्रेशर वर येतं म्हणून विझतो.

हवा कमी झाली की टायरची साईडवॉल (बाजूची भिंत) आधी वाकते, मग गाडी वळते, तुला जे अंग टाकणं वाटते ते हेच. समोरचे दोन जास्त उतरले असतील तर नाक बाहेर जाते, मागचे उतरले तर मागचा भाग ढिला लागतो, अन् ते जास्त डेंजर आहे. थंड रबर पण कडक असते, पहिले पाच-सहा किलोमीटर ग्रिप कमीच, त्यात पहाटे दव असते रोडवर. पण रबर खरं कडक होते ७ डिग्रीच्या खाली, अन् आपल्याकडं पारा तेवढा मोजक्याच सकाळी उतरतो (२०१८ च्या डिसेंबरात ३.५ झाला होता), म्हणून तुझ्या केसमध्ये रबरापेक्षा हवाच मोठं कारण आहे.

स्वतःचं डिजिटल गेज घे, पहाटे गाडी सुरू करायच्या आधी चारही मोज. पंप लांब असंल तर घरी जेवढी कमी दिसली तेवढीच तिथं वाढव, तिथला आकडा काही का दिसेना. अन् दुपारी ३६ दिसली म्हणून काढू नको!

समृद्धी_एक्सप्रेस
मी तर सरळ ३७ ठेवतो, स्टेअरिंग शार्प होते. नायट्रोजन भरला की ही कटकटच नाही.

गेजवाला_भाऊ
नायट्रोजन पण थंडीत तेवढाच आकसतो दादा, साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे, फक्त कोरडा असतो एवढंच. अन् ३७ ला टायर मधातच टेकते, काँक्रीटच्या जॉईंटवर गाडी उडते, ओल्या रोडवर ब्रेक लांब लागतो. समृद्धीवर १२० नं जायचं तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली तेवढीच ठेवा, थंड टायरवर मोजून. कमी हवेनं तर अजून वाईट, टायर वाकून वाकून तापते अन् फुटते, मी डोळ्यानं पाहिलं आहे, म्हणून एवढं लिहून राहिलो.

वर्धारोडवाला
आज पहाटे मोजली भाऊ. समोर २५ अन् २६, मागं उजवा २७, डावा २२! भरून आणली, दिवा लागलाच नाही अन् छत्रपती चौकातून वळतानाच फरक कळला, गाडी परत माझी वाटली. मागच्या डाव्याच्या वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं तर बारीक बुडबुडे येऊन राहिले, उद्या पंक्चरवाल्याकडं वॉल्व्ह बदलतो.