हलगीची एलपी: २४ बिटच्या फाइलवरून थेट कापावी की आधी टेपवर घ्यावी?

बाळीवेसकर:
सोलापुरात हलगी, संबळ आणि सनईचं रेकॉर्डिंग झालंय, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर. १२ इंची, ३३⅓ ची एलपी काढायची आहे, एका बाजूला २४ मिनिटं. सल्ला असा मिळतोय की फाइल आधी अर्धा इंची टेपवर उतरवा, तरच ‘अ‍ॅनालॉग’ म्हणता येईल. मशीनचं भाडं बरंच आहे. खरंच फरक पडतो का?

खाचवाचक:
टेपचं नंतर बघू, आधी ती २४ मिनिटं १८-१९ वर आणा. वेळ वाढली की खाचा दाटीने बसवाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि मग सुईची खरखर वर येते. क्रमही तपासा. कडेच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तिथे तार आवाज फाटतो. म्हणून जोरकस हलगी सुरुवातीला, संथ संबळ शेवटी. सनईला आत ढकलू नका, तिचे वरचे स्वरही तितकेच त्रास देतात.

आता टेप. खाचांमधलं अंतर ठरवायला लेथला (खाच कापणाऱ्या यंत्राला) पुढचा आवाज आधी कळावा लागतो. ३३⅓ वर एक फेरा १.८ सेकंदांचा, साधारण तेवढा आधी. जुन्या पद्धतीत टेप मशीनला त्यासाठी आवाज आधीच वाचणारं जादा प्रीव्ह्यू हेड असतं. ते नसेल तर कापायच्या हेडकडे जाणारा आवाज डिजिटल डिलेतून जातो. म्हणजे टेप दिली तरी वाटेत आकडे झालेच की! कापणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा. शिवाय तुमचं मूळच फाइल आहे, टेपने त्यात नसलेलं काही येणार नाही. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डींमध्ये डीएसडीची, म्हणजे डिजिटल रेकॉर्डिंगची, पायरी असल्याचं उघड झालं, तोवर कान टवकारून ऐकणाऱ्यांनीही त्यांना अ‍ॅनालॉगच मानलं होतं.

टेपमोड्या:
एवढं उडवून लावू नका. हलगीच्या थापेचं टोक टेप गोल करते, आणि इथे ते कामाचं आहे. आरआयएए वक्रामुळे (कापताना खर्ज उतरवायचा आणि तार आवाज चढवायचा, हे ठरलेलं प्रमाण) कापताना १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल चढवले जातात. कडक थाप आली की हेडची कॉइल तापते. मात्र टेप दिलीत तर सुरुवातीला १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झचे टोन हवेतच. त्यांच्याशिवाय समोरचा अझिमथ (टेपच्या हेडचा कोन) आणि पातळी अंदाजाने लावणार.

खाचवाचक:
टोक गोल करायला फाइलवरच डी-एसर (तीक्ष्ण तार आवाज दाबणारं साधन) चालतो, टेपचं भाडं कशाला? बाळीवेसकर, द्यायचं असं: प्रत्येक बाजूची एकच सलग वॅव फाइल, २४ बिट, मधल्या शांततेसकट, सोबत गाण्यांच्या वेळा. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) काढा, टोकं उणे ३ डेसिबलपर्यंतच ठेवा. फाइल ठोकून मोठी केली म्हणून रेकॉर्ड मोठी वाजत नाही, पातळी लेथवर ठरते. १५० हर्ट्झखालचं सगळं मोनो करा. संबळाचा धुमा डावीकडे-उजवीकडे उलट्या फेजमध्ये (एकीकडे लाट वर, तेव्हा दुसरीकडे खाली) गेला तर खाच उथळ होते आणि सुई उडी मारते.

बाळीवेसकर:
आणि टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासायच्या पहिल्या प्रती, आल्यावर?

टेपमोड्या:
साध्या, स्वस्त कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) वाजवा, भारीवर सगळंच बरं वाटतं. शेवटचं गाणं आधी ऐका. टक्क आवाज सगळ्या प्रतींत एकाच जागी आला तर दोष स्टॅम्परात (रेकॉर्ड दाबायच्या साच्यात) किंवा त्याआधी, एकाच प्रतीत असेल तर दाबण्यात. सनईचा लांब सूर हेलकावत असेल तर भोक मध्यात नाही. आणि पार्सल एप्रिल-मेमध्ये मागवू नका. सोलापूरच्या ४२ डिग्रीत बंद गाडीत राहिलेली रेकॉर्ड पापडासारखी वाकते, आणि मग दोष कापणाऱ्याचा की उन्हाचा, हेच कळत नाही.